पायाळूचा हात

जुळ्यांमधलं एक पायाळू निघालं की गावाला एकच गोष्ट लक्षात ठेवावी लागते, ती म्हणजे दोघांतलं पायाळू कोणतं. आमच्या गावानं ती पन्नास वर्षं चोख लक्षात ठेवली होती. पायाळू माझी बहीण लुमिंग. मी, दुलो, नुसता तिच्याबरोबर आलेला.

आमच्या मारिंदुके बेटावर पायाकडून जन्मलेल्याच्या हाताला गुण असतो, हे कुणी कुणाला शिकवत नाही. भात कसा खायचा हे तरी कुठे शिकवतात? लुमिंग फ्रॉक घालायच्या वयाची होती तेव्हापासून लोक तिला कडेवर उचलून न्यायचे. कुणाच्या घशात काटा अडकायचा, कुणाची मान आखडायची, कुणाचं तान्हं रात्रंदिवस किरकिरायचं. पुढे ती पलीकडच्या गावातल्या हाडं बसवणाऱ्या म्हातारीकडे जाऊन हे काम रीतसर शिकली. आता आमची पन्नाशी उलटली तरी सकाळी तिच्या ओसरीवर माणसं बसलेली असायचीच. ती यायची, तळहातावर खोबरेल घ्यायची, केळीच्या पानाची पट्टी तेलात भिजवून रोग्याच्या पाठीवरून सरकवायची. पट्टी सुळकन सरकत जायची आणि एका जागी अडायची. तिथे लुमिंगचा अंगठा बसायचा. मग माणूस बोंबलायचा, मग उठून बसायचा, मग मान इकडून तिकडे फिरवून बघायचा आणि खुळ्यासारखा हसायचा.

ती तोंडानं काही मागायची नाही. मागितलं की गुण जातो. लोक आपणहून तांदूळ, अंडी, सुकी मासळी ठेवून जायचे, त्यात तिचं आणि आमच्या आईचं, नानायचं, छान चालायचं. लग्न तिनं केलं नाही. मागणी घालायला येणाऱ्यांच्या पाठी चोळून तिनं त्यांना परत पाठवलं, असं माझी बायको निंफा म्हणते. निंफाची आणखी एक तक्रार आहे. चोळून तापलेला हात गार पाण्यात घातला की त्याला कंप सुटतो, म्हणून लुमिंग संध्याकाळी पाण्याला शिवत नाही, आणि नानायच्या घरची भांडी निंफाच्या वाट्याला येतात. "तुझ्या बहिणीनं हा धंदा भांड्यांच्या भीतीनं धरलाय," असं ती रोज म्हणते आणि रोज घासते.

मी होडीवाला. होडी बापाची, मग माझी. ती मी दोनदा उलटी केली आहे, पण दोन्ही वेळा वारा वाईट होता.

तर झालं असं, की माझ्या नातीचा बाप्तिस्मा होता. अंगणात मांडव, आख्खं डुक्कर भाजलेलं, आणि निंफानं हट्टानं केलेला बांगुस मासा. बांगुस चवीला देव आहे, पण त्याच्या काट्यांना अंत नाही. तो खाताना तोंड मिटून खावं. आमचे गावप्रमुख कापितान हेरमो निवडून आल्यापासून तोंड मिटायचं विसरले आहेत. "रस्त्याचं काम आता पुढच्याच महिन्यात..." एवढं ते म्हणाले आणि थांबले. डोळे बाहेर आले, दोन्ही हात गळ्याला गेले.

"काटा! काटा अडकला! लुमिंगला हाक मारा!"

लुमिंग चुलीपासून उठून आली. तिनं कापितानांची हनुवटी वर केली आणि दोन बोटं गळ्यावरून खाली ओढली. एकदा ओढली, पुन्हा ओढली. एरवी काटा लुमिंगचं नाव ऐकूनच खाली उतरतो. या खेपेला तो ढिम्म हलेना. कापितान लाल झाले, मग जांभळे व्हायला लागले.

कोपऱ्यात लोला टिनांग जेवत बसली होती. लोला म्हणजे आजी. ही आमच्या गावची सुईण, निम्म्या गावाला तिनंच ओढून जगात आणलेलं. नव्वदी उलटली, दात गेले, कान असून नसल्यासारखे. जीभ मात्र जशीच्या तशी. तिनं ताटावरून मान वर केली.

"तिला काय लावताय? पोरगा पायाळू आहे, पोरगा! या हातांनी तंगड्या धरून ओढलाय त्याला. पोरगी शहाण्यासारखी डोक्याकडून आली होती."

मांडवात कुणी घास गिळेना. सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या हातात डुकराच्या कुरकुरीत सालीचा तुकडा होता.

"मी?"

"मग काय मी?" लोला टिनांग म्हणाली आणि पुन्हा भात कालवायला लागली.

कापितानांच्या बायकोनं माझं मनगट धरून मला ओढलं. "अहो, बोटं तरी पुसा!" निंफा ओरडली, पण पुसायला वेळ कुठे होता? चरबीनं माखलेली बोटं मी तशीच कापितानांच्या गळ्यावर ठेवली. परक्या माणसाच्या गळ्याला हात लावायची मला सवय नाही. बोटं घसरली, कापितानांना गुदगुल्या झाल्या. ते फिस्सकन हसले, खोकले, आणि काटा समोरच्या ताटात पडला.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली. पण हे ऐकतो कोण? बायका नानायभोवती जमल्या. "नानाय, खरं सांगा, कोण आधी, कोण पायाकडून?" नानायचे कान एकाएकी लोला टिनांगच्या वरताण बहिरे झाले. "जुनं काय उकरताय? भात वाढा," असं म्हणून ती आत निघून गेली. तिनं नाही म्हटलं नाही. एवढं सगळ्या गावाला पुरलं. लुमिंगलाही पुरलं, ते मी तिच्या चेहऱ्यावर पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाळं खांद्यावर टाकून दार उघडलं, तर माझ्या दारात माणसं.

"मला काही येत नाही," मी म्हणालो.

"येण्याचा काय संबंध? तुम्ही पायाळू आहात," सगळ्यात पुढे उभी असलेली बाई म्हणाली. ही अलिंग चारिंग, म्हणजे चारिंगमावशी, रस्त्यावर तांदळाच्या वड्या विकते. बसून बसून तिची कंबर धरली होती. निंफानं तिच्या हातातली अंडी आधी घेतली आणि मग मला डोळ्यांनी खुणावलं की आता माघार नाही. मी लुमिंग करते तसं केलं. तेल घेतलं, पट्टी सरकवली. पट्टी कुठेच अडेना, किंवा सगळीकडे अडत होती, मला कळलं नाही. शेवटी देवाचं नाव घेऊन एका जागी अंगठा ठेवला आणि होडी वाळूवरून पाण्यात ढकलतात तसा जोर लावला. अलिंग चारिंगनं जी किंकाळी फोडली, तिनं शेजारची कोंबडी खुराड्यातून उडाली. ती बाई उजवीकडे वाकून आली होती, ती डावीकडे वाकून गेली. जाताना काय म्हणाली?

"पायाळूचा हात आहे. गुण हळूहळू येईल."

हीच तर गंमत. माझ्या हातानं कुणी बरं झालं नाही, तर गुण वाटेवर असायचा. आणि लुमिंगच्या हातानं पूर्वी बरे झालेले आता आठवून आठवून म्हणायला लागले, "मान बसली होती खरी, पण तिरपं बघितलं की अजून दुखते हं." अशा माणसांच्या कंबरा का धरू नयेत, तुम्हीच सांगा.

लुमिंग पहिल्या दिवशी माझ्यावर हसली. दुसऱ्या दिवशी तिनं ओसरी झाडली आणि वाट बघत बसली. मग तिनं तेलाची बाटली आत नेऊन ठेवली. आमच्या दोन घरांमध्ये जास्वंदीचं कुंपण आहे. तिथून मी तिला हाक मारली.

"लुमिंग, ये ना गं इकडे. मला झेपत नाही हे. सगळं गाव वाकडं करून ठेवीन मी."

"तुझे पाय, तुझे रोगी," ती म्हणाली.

"चावटपणा पुरे. इतकी वर्षं तू करतेयस, आता एका म्हातारीच्या बडबडीनं..."

"इतकी वर्षं मी तुझ्या जिवावर लोकांना हात लावत होते, दुलो." ती हसत नव्हती. "काल मास्तरीणबाई आल्या होत्या. त्यांना म्हटलं, या, बसा. पट्टी अडली. नेहमीच्याच जागी अडली. अंगठा ठेवला आणि मनात आलं, तू कोण? अंगठा दाबेचना. मी त्यांना सांगितलं, दुलोकडे जा."

 काय बोलावं ते सुचत नाही तेव्हा मला राग येतो. मी घरात जाऊन निंफावर ओरडलो, आणि निंफानं माझ्यावर दुप्पट ओरडून ते फेडलं.

त्याच आठवड्यात होड्या बांधणारा पेदो आला; वडीलधाऱ्याला आम्ही 'मांग' म्हणतो, म्हणून मांग पेदो. त्याला दोन मुलांनी धरून आणलं होतं. कंबर दुखतेय, आणि कालपासून डावा पाय झोपल्यासारखा झालाय, असं तो म्हणाला. मी त्याला पालथं झोपवलं, तेल घेतलं, हात उचलला. कुंपणापलीकडे लुमिंग धुणं वाळत घालत होती.

"दुलो! हात काढ त्याच्या पाठीवरून!"

मी हात काढला. ती जास्वंद मोडून कुंपणातूनच आत आली. "मांग पेदो, डाव्या पायाचा अंगठा वर उचला. उचला बघू." मांग पेदोनं तोंड वेडंवाकडं केलं, पण अंगठा काही उचलला गेला नाही. लुमिंगनं तळपायाला चिमटा काढला, तो त्याला कळला नाही. "पाठीतली शीर दबलीय. इथे चोळायचं नसतं. आत्ताच्या आत्ता इस्पितळात न्या, वाटेत धक्के बसू देऊ नका."

आम्ही नेलं. डॉक्टर म्हणाले, बरं झालं लगेच आणलंत. मी परत येऊन चौकात उभं राहून सांगितलं, की ओळखलं ते लुमिंगनं, मी तर दाबायला निघालो होतो. लोकांनी माना डोलावल्या. कापितान हेरमो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पायाळूचा हात नुसता वर उचलला तरी रोग कळतो. आणि किती साधा माणूस, स्वतःकडे मोठेपणा घेत नाही."

त्या दिवशी कापितानांना समुद्रात ढकलायचं तेवढं मी बाकी ठेवलं.

आता यात मनिलाहून रेनान्ते आला. हा आमच्या चुलतभावाचा मुलगा, मला तियो म्हणजे काका म्हणतो आणि लुमिंगला तिया. दिवसभर खुर्चीत बसून फोनवर परदेशी लोकांच्या तक्रारी ऐकतो, त्यामुळे तिशीत त्याची मान सत्तरीची झाली आहे. तिकडे तो एका गार खोलीतल्या डॉक्टरकडे जातो. तो डॉक्टर मणके मोडून मोडून सरळ करतो. रेनान्तेनं मला फोनवर दाखवलं. डॉक्टरनं माणसाचं डोकं हातात धरलं, हळूच वळवलं आणि कट्‌! माणूस उठून हसायला लागला.

"तियो, एकदा तसं वाजवा ना. तुमचा हात तर पायाळूचा. तो डॉक्टर बहुतेक डोक्याकडूनच आला असणार."

"तो डॉक्टर आधी काय करतो?"

"हाडांचे फोटो काढतो. शिकलाय तो बरीच वर्षं."

"मग मला फोटो काढता येत नाही आणि मी शिकलो नाही. मला मान मुरगळता येते ती फक्त कोंबडीची. चालेल?"

रेनान्तेनं मान आवरून घेतली. मग तो नानायला भेटायला म्हणून पलीकडे गेला, आणि तासाभरानं हसत परत आला. त्याच्या बायकोला तान्ह्या बाळाला बघायला कुणी मिळत नव्हतं. त्यानं लुमिंगला विचारलं. लुमिंग हो म्हणाली.

"हो म्हणाली म्हणजे?"

"म्हणजे हो. रविवारच्या बोटीनं येते म्हणाल्या तिया."

मला ते समोर दिसायलाच लागलं. लुमिंग मनिलात, कुठल्यातरी मजल्यावर, पोराचे लंगोट धुतेय. जे हात लोकांनी इतकी वर्षं पाण्यापासून जपले, ते दिवसभर साबणात. मला माझ्या बहिणीचं फार कौतुक आहे असं मी कधी तोंडानं म्हटलेलं नाही, आमच्यात तशी पद्धत नाही. पण ती पलीकडे नसेल तर माझं घर निम्मं बंद पडल्यासारखं होईल, हे मला त्या क्षणी नीट कळलं. निंफालाही कळलं असावं. तिनं त्या दिवशी कुणाकडून अंडी घेतली नाहीत.

"त्या म्हातारीनं लावलेली आग आहे ना? मग तिलाच विझवायला लावा," निंफा म्हणाली.

मला ते पटलं. लोला टिनांगनं सगळ्यांसमोर एवढंच म्हणायचं होतं, की माझं वय झालं, मी चुकले. शनिवारी मी तिला रिक्षात घालून आणलं. वाटेत तिला आवडतो तो बिबिंका घेतला. तांदळाचा हा गोड केक गरमागरम, वर खारवलेलं अंडं. नानायच्या ओसरीवर तिला खुर्चीत बसवलं, आमच्या रीतीप्रमाणे नमस्कार म्हणून तिचा हात माझ्या कपाळाला लावला आणि केक पुढे ठेवला. आत लुमिंगची पिशवी भरून दाराशी ठेवलेली दिसत होती. लुमिंग घड्या घालत होती. नानाय खिडकीशी बसून बाहेर बघत होती, आणि गेला पंधरवडा तिनं दुसरं काही केलंच नव्हतं.

लोला टिनांगनं केक संपवला. अगदी चुरा बोटानं टिपून संपवला. मग मी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "लोला, तुमची चूक झाली होती ना? लुमिंगच पायाकडून आली होती ना?"

"काय?"

"चूक! तुमची चूक झाली होती!"

"माझी?" म्हातारी ताठ झाली. "आख्ख्या हयातीत मी पोराची टाच आणि टाळू यांत चूक केली नाही. तूच होतास. बाहेर यायलाच तयार नव्हतास. तेव्हाही आळशी होतास."

"लोला, एकदा नुसतं म्हणा. तुमचं काय जातंय?"

"देवाघरी जायच्या वयात खोटं बोलायला लावतोस? तेही एका केकवर?"

"दोन आणतो."

"दुलो, पुरे," लुमिंग आतून म्हणाली. "लाज आणू नकोस मला."

लोला टिनांग आता पेटली होती. ती खिडकीशी बसलेल्या नानायकडे वळली. "सोसिंग! तोंड शिवलंय का तुझं? सांग पोरांना. मला शपथ घालून गप्प बसवलं होतंस ना?"

नानायनं इतक्या दिवसांत पहिल्यांदा मान वळवली. "पन्नास वर्षं पोटात ठेवलंत आणि एका काट्यापायी ओकलात!"

"माणूस जांभळा पडला होता!"

"खोकून निघालाच असता! तो मेला बोलतोच कशाला खाताना?"

दोन म्हाताऱ्या एकमेकींवर अशा धावून गेल्या, की मला मध्ये उभं राहावं लागलं. त्या थांबल्या, तेव्हा लुमिंग दारात येऊन उभी होती. हातात अर्धी घडी घातलेला झगा.

"कसली शपथ, नानाय?" तिनं विचारलं.

 नानायनं उत्तर दिलं ते माझ्याकडे बघून.

"तुमचा बाप समुद्रावर होता. संध्याकाळी आला. दोघं आहेत म्हटल्यावर त्यानं आधी तुला उचललं, दुलो. म्हणाला, होडी याची. डोंगराकडची नारळाची झाडं याची. राहतं घर याच्या बायकोला. तू अजून डोळेसुद्धा उघडले नव्हतेस. मी विचारलं, आणि पोरीला? तो म्हणाला, तिला नवरा मिळेल की. ती एवढीशी होती, लुमिंग. मांजराच्या पिलाएवढी. मला वाटलं, नाही मिळाला नवरा, तर? तुमच्या बापाशी भांडायची ताकद नव्हती मला. मग मी बघितलं, या पोराकडे दुसरं काय आहे, जे काढून हिला देता येईल? पाय होते. सकाळी बायका बघायला आल्या, तेव्हा मी सांगून टाकलं, की पोरगी पायाळू आहे." तिनं पदरासारखा खांद्यावरचा पंचा डोळ्यांना लावला. "तुला सगळंच मिळालं होतं. तेवढे पाय मी तिला दिले."

मी हसावं की रडावं, मला कळेना. कुंपणाशी येऊन उभी राहिलेली निंफा मात्र सरळ रडत होती.

"म्हणजे माझं काहीच नाही," लुमिंग हळू म्हणाली. "मुळातच नव्हतं."

आणि मला राग आला. नेहमीचा ओरडायचा राग नव्हे, दुसराच.

"आणि माझं होतं?" मी म्हणालो. "मला होडी मिळाली तेव्हा मला कुणी विचारलं, की बाबा रे, तुला वल्हवता येतं का? दोनदा उलटी केली मी ती. गावात कुणी म्हणालं, की ही होडी दुलोची नाही? तू तर शिकलीस, लुमिंग. त्या म्हातारीच्या घरी राहून तिचे शिव्याशाप खाऊन शिकलीस. मी नुसता झोपून होतो आणि बापानं माझ्या नावावर समुद्र केला. ती वाटणी झाली तर ही पण वाटणीच. बापानं त्याची केली, नानायनं तिची केली. मी होडी परत देत नाही. तू पाय परत द्यायचे नाहीत."

एवढं लांब मी आयुष्यात पहिल्यांदाच बोललो असेन. लुमिंग माझ्याकडे बघत राहिली.  मला वाटलं, आता रडणार.

"दोनदा नाही, तीनदा उलटली," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा तू निंफाला सांगितलं नाहीस."

"काय?" कुंपणाकडून निंफा ओरडली.

लुमिंगनं झगा खुर्चीवर टाकला. ती नानायच्या मागे गेली आणि तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. तेल नाही, पान नाही, नुसते कोरडे हात. ते तिथेच अडून राहिले.  मग तिचे अंगठे मानेच्या कडेनं खाली उतरायला लागले, सावकाश, चाचपत, आणि पाठीच्या उजव्या फऱ्यापाशी येऊन थांबले.

"इथे केवढी गाठ आहे, नानाय."

"असेल. वय झालं."

"वयाची नाही ही. खोटं धरून ठेवल्याची आहे," लुमिंग म्हणाली, आणि अंगठा दाबला.

नानायनं जी आरोळी ठोकली, ती लोला टिनांगलासुद्धा ऐकू गेली. "अगं मेले! आईला मारतेस का?"

"हल्ली कुणाच्या पायांचा आधार नाही ना मला. स्वतःच्या जोरावर दाबतेय. जरा दुखणारच."

"दुखतंय!"

"दुखू दे. आणखी खाली पण आहे एक. बापावरच्या रागाची असणार." आणि लुमिंग हसायला लागली, आणि नानाय ओरडता ओरडता हसायला लागली. लोला टिनांगला कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी तीही रिकाम्या तोंडानं हसत बसली.

ती आरोळी रस्त्यापर्यंत पोचली होती. आमच्या गावात अशी आरोळी म्हणजे काय हे सगळे ओळखतात. फाटकाशी पहिलं डोकं दिसलं ते अलिंग चारिंगचं. ती अजून डावीकडे वाकलेली होती. तिच्यामागे मास्तरीणबाई, त्यांच्यामागे कापितानांची बायको.

"लुमिंग, बसलीयस वाटतं?" अलिंग चारिंगनं विचारलं.

लुमिंगनं नानायच्या पाठीवरून हात काढला नाही. पण चेहरा गंभीर केला. "आधी ऐकून घ्या. लोला खरं सांगत होती. मी डोक्याकडून आले. अगदी साधी, तुमच्यासारखी. पायाकडून आला तो हा इथे उभा आहे." तिनं हनुवटीनं मला दाखवलं. "ज्याला पायाळूचा हात हवा, त्यानं तिकडे जावं. मी रागावणार नाही."

 अलिंग चारिंगनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. माझ्या अंगठ्यांकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग ती ओसरीची पायरी चढली, जेमतेम चढली, आणि म्हणाली, "रांग कुठून सुरू होते, तेवढं सांग बाई."

मास्तरीणबाई तिच्या मागे जाऊन बसल्या, कापितानांची बायको त्यांच्या मागे. माझ्या बाजूला एकही माणूस आला नाही. इतका अपमान होऊन इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.